घाटात थांबलेली गाडी: पॅनिक डिसऑर्डरचं एक प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. नाव बदललं आहे. डेपो, मार्ग आणि घाट ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली आणि मजकूर वाचूनही पाहिला. त्यांना आपण दत्ताभाऊ म्हणू.

पार्श्वभूमी

दत्ताभाऊ एसटीत वाहक. वय 41, नोकरीला चौदा वर्षं झालेली. घरी आई, पत्नी आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. ड्युटी बहुतेक घाट उतरून कोकणात जाणाऱ्या मुक्कामी गाडीवर: दुपारी निघायचं, रात्री खाली मुक्काम, पहाटे परतीची फेरी. दिवसाला सात-आठ कप चहा, तोंडात तंबाखू, झोप तुटक. व्यायाम असा नाही, पण भरल्या गाडीत उभ्यानं तिकिटं फाडण्यातच पायांचा पुरेसा व्यायाम होतो, असं त्यांचं म्हणणं.

आदल्या वर्षी त्यांच्या डेपोतले एक चालक मुक्कामाच्या ठिकाणी झोपेतच हार्ट अटॅकनं गेले. दोघांनी कित्येक वर्षं एकाच गाडीवर काढलेली. त्या रात्री दत्ताभाऊ रजेवर होते. दहावा-तेरावा झाला, दत्ताभाऊ पुन्हा ड्युटीवर हजर झाले, आणि त्या विषयावर घरात कोणी फार बोललं नाही. माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्यावरही ही गोष्ट त्यांनी पहिल्या भेटीत सांगितली नाही. ती त्यांच्या पत्नीनं, निघता निघता, दाराशी सांगितली.

जून महिना, पहिला मोठा पाऊस. घाटात झाड आडवं पडलं आणि गाड्यांची रांग लागली. गाडी खचाखच भरलेली, पावसामुळे सगळ्या खिडक्या बंद, काचांवर वाफ धरलेली. दत्ताभाऊ मधल्या वाटेत उभे होते. अचानक छातीत धडधड सुरू झाली. श्वास पुरेना, हाताच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, मान घामानं भिजलेली, पायाखालची गाडी हलल्यासारखी. "आता मी गेलो" हा एकच विचार. प्रवाशांनी बसायला जागा दिली, कोणी कांदा हुंगवला, कोणी छाती चोळली. रस्ता मोकळा झाल्यावर चालकानं गाडी थेट खालच्या ग्रामीण रुग्णालयात नेली. ईसीजी नॉर्मल आला. रक्तदाब थोडा वाढलेला होता. एक इंजेक्शन दिलं आणि "गॅस चढला असेल, काळजी करू नका" असं सांगून सोडलं.

इथं एक गोष्ट ठामपणे नोंदवते. चाळिशी ओलांडलेला, तंबाखू खाणारा माणूस छातीत धडधड आणि घाम घेऊन येतो, तेव्हा आधी हृदय तपासायचं हेच बरोबर. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी योग्य तेच केलं. प्रश्न पुढच्या महिन्यांत तयार झाला.

अडचण कशी वाढत गेली

जून ते जानेवारी या काळात दत्ताभाऊंचे सहा ईसीजी झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, ट्रेडमिलवर चालवून स्ट्रेस टेस्ट झाली, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं झालं. सगळं ठीक. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, "तुमचं हृदय ठणठणीत आहे." हे ऐकून दोन-तीन दिवस बरं वाटायचं. मग एखाद्या पहाटे पुन्हा छातीत काहीतरी हलायचं आणि शंका यायची: मशीन चुकलं असेल तर? ज्यांचं काही निघालं नव्हतं तेही गेलेच की.

त्यांच्या आईनं नजर काढली. कुलदैवताला जाऊन आले. गावातल्या डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी, पण सवय लागू शकणारी गोळी, 0.5 मिलिग्रॅमची, दिली होती. ती रात्रीची एक गोळी हळूहळू दिवसाच्या तीन गोळ्यांवर गेली, आणि नंतरच्या चिठ्ठ्या कोणी नीट पाहिल्याच नाहीत.

ते माझ्याकडे आले तेव्हा झटका आठवड्यातून दोन-तीनदा येत होता. पण खरं आयुष्य कुरतडत होती ती झटक्यांच्या मधली वेळ. घाटाची ड्युटी ते सहकाऱ्यांबरोबर बदलून घेत होते. बदलून मिळाली नाही तर आजारी रजा, आणि रजा संपल्यावर बिनपगारी. आठवडी बाजारात जाणं बंद. लग्नात गेले तर मांडवाच्या कडेला, चप्पल जिथे काढली तिथेच उभे. देवळातली रांग नको. गाडीत असले की पुढच्या दाराशी, म्हणजे मागच्या प्रवाशांना तिकीट मिळायला उशीर आणि त्यावरून वाद. डावा हात अधूनमधून उजव्या मनगटावर, नाडी मोजायला. पैशांच्या बॅगेत वेबिलाशेजारी अल्प्राझोलामची पट्टी आणि पाण्याची बाटली. प्रत्येक थांब्यावर पत्नीचा फोन: "बरं वाटतंय ना?"

या प्रत्येक गोष्टीमागे शहाणपण होतं, प्रेमही होतं. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीनं आजाराला दाणापाणी घातलं. दाराशी उभं राहिलो म्हणून वाचलो, गोळी खिशात होती म्हणून वाचलो, हिचा फोन आला म्हणून वाचलो. मुळात जीवाला धोका नव्हताच, हे अनुभवायची संधी त्यांना सात महिन्यांत एकदाही मिळाली नाही. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, आणि पुढचे सगळे निर्णय याच एका मुद्द्याभोवती फिरले.

निदान

चिंता सगळ्यांनाच वाटते, वाटलीही पाहिजे. ती विकार कधी होते, तर कारणाच्या मानाने फार मोठी होते, लांबते आणि माणसाचं काम, झोप, नाती अडवते तेव्हा. चिंताविकारांचं हे एक घराणंच आहे. सतत, सहा महिन्यांहून जास्त काळ, पैसा-मुलं-तब्येत-नोकरी अशा हरेक गोष्टीची काळजी मनात घोळत राहते तो सार्वत्रिक चिंताविकार. लोक आपल्याकडे बघतील, हसतील या धास्तीनं चारचौघांत बोलणं-जेवणं टळतं ती सामाजिक भीती. उंची, कुत्रा, इंजेक्शन अशा एकाच गोष्टीची भीती वेगळी. आणि कसलंही ठळक कारण नसताना अचानक झटके येतात, काही मिनिटांत टोकाला जातात, आणि मग महिनाभर किंवा जास्त काळ "पुन्हा येईल का" या धास्तीत माणूस आपली चाल बदलतो, तो पॅनिक डिसऑर्डर.

दत्ताभाऊंचं चित्र या शेवटच्यात बसत होतं. पॅनिक झटक्याची जी तेरा लक्षणं निदानाच्या निकषांत दिलेली असतात त्यातली किमान चार लागतात. त्यांच्यात त्याच्या दुप्पट होती. जोडीला अ‍ॅगोराफोबिया: गर्दी, रांग, वाहन, म्हणजे जिथून पटकन निसटता येणार नाही अशा जागा टाळणं. झटक्यांची तीव्रता मोजणाऱ्या पीडीएसएस या प्रश्नावलीत 28 पैकी 19 गुण आले.

मला दोन गोष्टी तपासून घ्यायच्या होत्या. पहिली, हे नैराश्य आहे का. झोप आणि भूक बिघडली होती, पण मुलींच्या अभ्यासात, शेतातल्या कामात रस टिकून होता. जीव नकोसा झाल्याची भावना नव्हती. दुसरी, झटक्यांसारखी दिसणारी शारीरिक कारणं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन झालं होतं. हृदयाचा ठोका मधूनच पळत सुटण्याचे काही विकार साध्या ईसीजीत सापडत नाहीत, म्हणून आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून चोवीस तासांची होल्टर तपासणी, म्हणजे अंगावर यंत्र लावून सलग ईसीजीची नोंद, करून घेतली. त्या चोवीस तासांत दत्ताभाऊंना एक झटका आला. पट्टीवर ठोका वेगवान दिसला, पण लयीत. ही नोंद पुढे फार उपयोगी पडली.

समोर असलेले पर्याय

दत्ताभाऊंच्या भावाचं म्हणणं स्पष्ट होतं: अँजिओग्राफी करून टाकू, एकदाचा संशय जाईल. पैसे तो द्यायला तयार होता. ही सूचना उडवून लावण्यासारखी नव्हती. पण होल्टरनंतर हृदयरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं की अँजिओग्राफीची गरज नाही. आणि गेल्या सात महिन्यांचा हिशेब समोर होता: प्रत्येक तपासणीनं दोन-तीन दिवसांची शांतता दिली आणि पुढच्या तपासणीची भूक वाढवली. पहिला निर्णय इथे झाला. यापुढे नवीन तपासण्या नाहीत. मात्र चालताना-चढताना दुखू लागलं, दुखणं हातात-जबड्यात गेलं, शुद्ध हरपली, तर लगेच हॉस्पिटल. हे कागदावर लिहून दिलं, त्यावर तिन्ही डॉक्टरांची नावं घातली आणि भावालाही बोलावून वाचून दाखवलं. "मानसिक आहे" असं म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडलं जातंय, असं कोणालाही वाटू नये, हा हेतू होता.

दुसरा पर्याय होता, चालू आहे ते चालू ठेवणं: अल्प्राझोलाम. ती अर्ध्या-एक तासात आराम देते, म्हणूनच ती सुटत नाही. रोज तीन गोळ्या घेणाऱ्या माणसाला एक गोळी उशिरा झाली की जो थरथराट होतो, तोही त्याला झटकाच वाटतो. शिवाय गोळी घेऊन गर्दीला सामोरं गेलं तर शिकलेलं सगळं गोळीच्या खात्यावर जमा होतं. पण ती एकाएकी बंद करणं धोक्याचं. फिटही येऊ शकते.

तिसरा पर्याय, सर्ट्रालिनसारखं एसएसआरआय गटातलं, म्हणजे नैराश्य आणि चिंता दोन्हींवर रोज घ्यायचं, औषध. चौथा, नुसती बोधात्मक वर्तनोपचार पद्धत (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणं बोलून-करून बदलण्याचा उपचार, औषधाशिवाय. दोन्हींचा परिणाम पॅनिक डिसऑर्डरमध्ये चांगला सिद्ध झालेला आहे. दत्ताभाऊ आठवड्याला एकदा येऊ शकतील याची खात्री नव्हती, रजा संपत आल्या होत्या आणि अल्प्राझोलाम उतरवायची होती, म्हणून दोन्ही एकत्र करायचं ठरलं.

सगळ्यात अवघड ठरला तो पाचवा पर्याय, आणि तो दत्ताभाऊंनीच मांडला. "मॅडम, तुम्ही नि डॉक्टरांनी मला लाइट ड्युटीचं लिहून द्या. डेपोत चौकशीच्या खिडकीवर किंवा पास देण्याच्या कामावर बसवतील. मी निवांत होईन." कोण नाही म्हणेल? माणूस हात जोडून मागतोय, पगार कापला जातोय, दोन मुलींच्या फिया आहेत. प्रमाणपत्र लिहायला दोन मिनिटं लागतात.

आम्ही यावर बराच वेळ बोललो, त्यांच्यासमोरच. प्रमाणपत्र दिलं तर गाडीच सुटेल, आणि गाडी सुटली की घाट कायमचा सुटेल. सहा महिन्यांनी खिडकीवर गर्दी झाली की तिथंही धडधड होईल, आणि मग पुढचं प्रमाणपत्र. पण घाटाच्याच ड्युटीवर लगेच पाठवणंही अन्याय होता. शेवटी मधला मार्ग निघाला: सहा आठवडे घाट नाही, पण गाडी सोडायची नाही. तालुक्यातल्या छोट्या फेऱ्या करायच्या, आणि घाटावर परतायची तारीख आजच ठरवायची. दत्ताभाऊ चालक असते तर निर्णय वेगळा झाला असता. पन्नास जणांचे जीव ज्याच्या हातात आहेत त्याला, तेही अल्प्राझोलामवर असताना, चाकावर बसवता येत नाही. वाहकाच्या बाबतीत तो धोका नव्हता.

डेपो मॅनेजरना सांगायचं की नाही हा दत्ताभाऊंचा अधिकार होता. त्यांना "वेडा" हा शिक्का नको होता. पत्रात "वैद्यकीय उपचार चालू, सहा आठवडे घाटमार्ग नको, नंतर पूर्ववत" एवढंच लिहिलं. निदान लिहिलं नाही.

काय केलं

सर्ट्रालिन 25 मिलिग्रॅमने सुरू केली, आठवड्यानं 50. पहिल्या आठ-दहा दिवसांत बेचैनी, मळमळ, धडधड वाढू शकते आणि गुण यायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, हे आधीच बजावून सांगितलं होतं. पाचव्या दिवशी फोन आलाच: "गोळीनं जास्तच व्हायला लागलंय." आधी सांगितलेलं होतं म्हणून ते थांबले. पॅनिकच्या रुग्णाला हे आधी सांगितलं नाही तर अर्धी माणसं याच आठवड्यात औषध टाकून देतात, असं मला नेहमी दिसतं. अल्प्राझोलाम डॉक्टरांनी पाव-पाव मिलिग्रॅम करत सुमारे दहा आठवड्यांत उतरवली. चहा निम्म्यावर आला. तंबाखू त्यांना तेव्हा सोडवली नाही आणि आम्हीही एकाच वेळी सगळे बांध फोडायला लावले नाहीत.

आता खोलीतल्या कामाबद्दल, कारण मन वळलं ते तिथे.

मी त्यांच्या फायलीतला ट्रेडमिलचा रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात हृदयाचे ठोके मिनिटाला 160 च्या वर गेलेले होते. होल्टरमध्ये झटक्याच्या वेळी ते 128 होते.

"ट्रेडमिलवर एवढं धडधडलं तेव्हा भीती वाटली?"

"नाही."

"का?"

"डॉक्टर शेजारी होते ना. आणि पळत होतो, धडधडणारच."

"म्हणजे 160 ला भीती नाही, आणि 128 ला मरणाची भीती."

ते गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे धडधडीला मी भीत नाही. धडधड का होतेय ते कळत नाही, त्याला भितो." डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1986 साली पॅनिकचं जे स्पष्टीकरण मांडलं त्याचा गाभा हाच आहे: शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं शरीरातला बदल वाढतो, आणि हे चक्र काही मिनिटांत टोकाला जातं.

मग शरीराचं गणित समजावून सांगितलं. भीतीत अ‍ॅड्रेनालिन वाढतं, ठोके आणि श्वास वेगावतात. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, आणि गंमत अशी की श्वास जास्त घेत असूनही पुरत नाही असं वाटतं. चक्कर येऊन पडण्याची त्यांना फार धास्ती होती. अशी भोवळ येऊन पडायला बहुतेक वेळा रक्तदाब घसरावा लागतो. पॅनिकमध्ये तो सहसा वाढलेलाच असतो, पहिल्या दिवशी रुग्णालयात त्यांचाही वाढलेलाच होता. रक्त किंवा इंजेक्शन पाहून भोवळ येणारी माणसं हा अपवाद, पण ते यांचं दुखणं नव्हे.

सांगून पटतं ते डोक्याला. छातीला पटवायला करून बघावं लागतं. म्हणून खोलीत एक-एक मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास, जागच्या जागी पळणं, फिरत्या खुर्चीत गरगरणं, नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉतून श्वास. आधी भाकीत लिहायचं, मग करायचं, मग काय झालं ते लिहायचं. पहिल्या वेळी दत्ताभाऊंनी तिकीट मशीनच्या उरलेल्या कागदी पट्टीमागे लिहिलं: "मुंग्या आल्या की तीन मिनिटात खाली पडणार." मुंग्या आल्या. ओठ बधिरले. त्यांचा हात मनगटाकडे गेला आणि त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. चार मिनिटं झाली, पाच झाली. ते पडले नाहीत. पट्टीवर खाली लिहिलं: "पडलो नाही. तोंड कोरडं."

त्या दिवशी त्यांनीच एक उपमा दिली, ती मी नंतर कायम वापरली. गाडीत कुणीतरी उगाच सिंगल बेल मारतं, चालक ब्रेक लावतो, पण थांबा नसतोच. बेल खरी वाजलेली असते. उतरणारा कोणी नसतो. अशा वेळी वाहक काय करतो? डबल बेल देतो आणि गाडी पुढे जाते.

नंतर खोलीबाहेरची पायरी-पायरीची यादी. डेपोत उभ्या गाडीत खिडक्या बंद करून बसणं. तालुक्यातल्या गाडीत दाराशी न थांबता शेवटच्या बाकापर्यंत जाऊन तिकिटं काढणं. बाजारच्या दिवशीची फेरी. पत्नीशिवाय, प्रवासी म्हणून घाट उतरणं. मग वाहक म्हणून घाट. प्रत्येक पायरीवर बसून राहायचं, भीती आपोआप ओसरेपर्यंत. आणि एकेक कुबडी काढायची: आधी बाटली, मग नाडी मोजणं, शेवटी बॅगेतली गोळ्यांची पट्टी.

पत्नीचा फोन हा नाजूक विषय होता. तो बंद करा म्हणणं म्हणजे तिच्या मायेवर बोट ठेवणं. वहिनींना एकटीला भेटले. त्यांनाही रात्रभर झोप नव्हती. शेजारी झोपलेल्या नवऱ्याचा श्वास चालू आहे का, हे त्या अंधारात हात लावून पाहत होत्या. फोन चालू ठेवायचा, दिवसातून एकदाच, आणि प्रश्न बदलायचा असं ठरलं. "बरं वाटतंय ना?" ऐवजी "आज गाडी वेळेत सुटली का?" एवढ्या बदलानं घरातलं बोलणं छातीवरून पुन्हा संसारावर आलं, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

चालक मित्राच्या मृत्यूबद्दल दोन भेटी गेल्या. त्या रात्री आपण रजेवर होतो याचा सल त्यांना होता: "मी असतो तर उठवलं असतं." यावर मी फार युक्तिवाद केला नाही. ते रडले, आणि नंतर त्या मित्राच्या घरी जाऊन आले, जे वर्षभर टाळत होते.

शिमग्याचा आठवडा

ठरलेल्या तारखेला घाटाची ड्युटी सुरू झाली. पहिले काही दिवस चांगले गेले. मग शिमगा आला. कोकणात शिमग्याला चाकरमानी घरी निघतात तेव्हा गाड्यांची काय अवस्था असते हे सांगायला नको. एका वळणावर गाडी थांबून राहिली, गर्दीत हात वर करायला जागा नव्हती, आणि झटका आला. दत्ताभाऊंनी एक बेल मारली, गाडी कडेला घ्यायला लावली, चहाच्या टपरीवर उतरले आणि पंधरा मिनिटं परत चढलेच नाहीत. कुणीतरी तक्रार केली. डेपोत बोलावणं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन: "सगळं मुसळ केरात. द्या आता लाइट ड्युटीचं."

हा दुसरा मोठा निर्णय. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन 100 वर नेली. 50 वर अर्धाच गुण आला होता, त्यामुळे तसंही ते करायचं होतं. अल्प्राझोलामचा शेवटचा टप्पा दोन आठवडे जागच्या जागी ठेवला. पण प्रमाणपत्र दिलं नाही. उलट विनंती केली की शक्य असेल तर त्याच गाडीनं, दोन दिवसांत, प्रवासी म्हणून तरी घाट उतरून या. उशीर झाला की ते वळण मनात मोठं होत जातं. ते गेले, वहिनींना न घेता. येताना त्यांनी त्या टपरीवर चहा घेतला, यावेळी गाडी न थांबवता, पुढच्या गाडीनं येऊन.

डेपो मॅनेजरना मात्र या टप्प्यावर त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते बोलणं सोपं झालं; मॅनेजरच्या घरातही एकाला हेच होतं.

परिणाम

जूनमध्ये, पहिल्या झटक्याला वर्ष होताना, पीडीएसएसचे गुण 19 वरून 5 वर आले होते. अल्प्राझोलाम पूर्ण बंद. घाटाची मुक्कामी ड्युटी नियमित. पावसात गाडी घाटात दोनदा अडकली. एकदा थोडी धडधड झाली, ते तिकिटं काढत राहिले. ग्रामीण रुग्णालयात जानेवारीनंतर एकदाही गेले नाहीत. बाजार, लग्नं, देऊळ पूर्ववत.

सगळंच सुटलं असं नाही. मुक्कामी खोलीत रात्री एकटं झोपायला अजून जड जातं, दिवा चालू ठेवतात. मयताच्या घरी जायला पाऊल अडखळतं. तंबाखू कमी झाली, सुटली नाही. हृदयासाठी ती खरोखर धोक्याची आहे, हे आता त्यांना भीती न घालता सांगता येतं.

काय वेगळं करता आलं असतं

सहा ईसीजींपैकी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी कोणीतरी दोन प्रश्न विचारले असते तर चार-पाच महिने वाचले असते: "झटका किती मिनिटांत टोकाला जातो?" आणि "यामुळे तुम्ही कुठे जायचं टाळता का?" हे विचारायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. "गॅस आहे", "टेन्शन घेऊ नका" यातून रुग्णाला एवढंच कळतं की काही सापडलं नाही. जे आहे त्याला नाव मिळत नाही. नाव मिळालं की निम्मी भीती तिथेच उतरते, हे दत्ताभाऊंच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिलं.

2017 साली भारतात सुमारे 4 कोटी 49 लाख लोकांना चिंताविकार असल्याचा अंदाज होता. एवढ्या लोकांना पुरतील इतके तज्ज्ञ तालुक्याच्या गावात येणार नाहीत. पण गोव्यात 2010 च्या सुमारास झालेल्या अभ्यासात स्थानिक, तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना चांगली मदत केली होती. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर "ईसीजी नॉर्मल, पॅनिक झटका असू शकतो, समुपदेशकाला भेटा" असा एक शिक्का असता तरी पुष्कळ झालं असतं. 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं; दत्ताभाऊंना तो सात महिन्यांत कोणीही सांगितला नव्हता.

अल्प्राझोलाम पहिल्या महिन्यात थोड्या दिवसांसाठी देणं समजण्यासारखं होतं. चिठ्ठीवर बंद करायची तारीख हवी होती.

वहिनींना पहिल्याच भेटीत बरोबर बसवणं, हाही एक पर्याय होता. दत्ताभाऊंना आधी एकटं बोलायचं होतं आणि त्याला मान द्यायलाच हवा होता. तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या आल्या असत्या, तर फोनचा प्रश्न लवकर सुटला असता आणि त्यांचीही झोप लवकर परतली असती. अशा घरात आजारी एकच असतो, पण पहारा दोघं देत असतात.

सहा आठवड्यांची सूट योग्य होती का, यावर मानसोपचारतज्ज्ञांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते चार आठवडे पुरले असते आणि शिमग्याच्या गर्दीआधी घाटाचा जास्त सराव झाला असता. मला वाटतं, औषधाचा गुण सुरू व्हायच्या आत घाटावर पाठवलं असतं तर ते डेपोच सोडून गेले असते. मात्र परतीची तारीख ठरवताना कॅलेंडरवर शिमगा दिसत होता, आणि तो लक्षात घेऊन त्या आठवड्याचं वेगळं नियोजन करता आलं असतं, यावर आमचं एकमत आहे.

सर्ट्रालिन आणखी किमान वर्षभर चालू राहील. पुढचा पावसाळा त्यावरच काढायचा आणि ऑक्टोबरनंतर, घाट मोकळा झाल्यावर, डोस हळूहळू कमी करून पाहायचा, असं दत्ताभाऊंनी स्वतः सुचवलं आणि डॉक्टरांनी मान्य केलं.